मंदीची चाहूल: पिग्मीवाल्यापासून जीडीपीपर्यंत आकडे कसे वाचायचे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे पिग्मीवाला येतो. दुकानदार गल्ल्यातल्या नोटा मोजून देतो, हातातल्या छोट्या मशीनमधून पावती निघते, आणि तो पुढच्या दुकानात जातो. रोजच्या कमाईतून थोडं बाजूला काढायची ही पद्धत १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. आमच्या बेळगावात ती इतकी मुरली आहे की पतसंस्था किंवा क्रेडिट सोसायटी कुठलीही असो, पिग्मीवाला असतोच.

मी हिशेब लिहिणारा माणूस. उद्यमबागेतली काही वर्कशॉपं आणि बाजारातली काही दुकानं यांची खाती माझ्याकडे असतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: दिल्लीहून जीडीपीचा, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचा, आकडा येण्याच्या कितीतरी आधी या पिग्मीवाल्याला बाजार बसल्याचं समजलेलं असतं. तो 'मंदी' हा शब्द वापरत नाही. "पाचशेवाले दोनशेवर आलेत बघा," एवढंच म्हणतो.

नुकतंच वर्कशॉप टाकलेल्या, दुकान सांभाळायला घेतलेल्या किंवा पहिल्या नोकरीवर घराचं कर्ज काढायला निघालेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे. अर्थशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. टक्केवारी काढता आली आणि रोज दोन ओळी लिहायचा कंटाळा नसला की झालं.

पहिल्यांदा शब्द नीट करून घ्या

"मंदी हाय काय ओ?" असं जो विचारतो त्याला बहुतेक वेळा स्वतःचा धंदा कमी झाल्याचं सांगायचं असतं. ते वेगळं, मंदावणं वेगळं आणि मंदी वेगळी. आमच्या गावाला पाणी देणाऱ्या राकसकोपचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात जलाशयाची पातळी रोज फूटभर वाढत होती, ती आता दोन इंच वाढते. पाणी वाढतंच आहे, फक्त सावकाश. हे झालं मंदावणं. पातळी प्रत्यक्ष खाली सरकू लागली तर ती मंदी. वाढीचा दर ८ वरून ५ टक्क्यांवर आला की पेपरवाले 'घसरण' असं छापतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं देश मागे चालला. तसं नसतं.

ढोबळ व्याख्या अशी की सलग दोन तिमाही देशाचं उत्पादन घटलं तर मंदी म्हणायचं. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ठरवणारी अर्थतज्ज्ञांची समिती आहे. आपल्याकडे तशी अधिकृत समिती नाही, त्यामुळे टीव्हीवर ज्याला जे वाटेल ते तो म्हणतो.

आपल्याकडे खरी मंदी क्वचितच आली आहे. स्वातंत्र्यानंतर पूर्ण वर्षाचं उत्पादन आधीच्या वर्षापेक्षा घटलं ते १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१ या वर्षांत. शेवटचं वर्ष कोरोनाचं. पहिल्या चारही वेळा पावसाने दगा दिला होता. मंदावणं मात्र दर काही वर्षांनी येतं, आणि आपल्यासारख्यांचे हप्ते थकतात ते त्यातच. म्हणून शोधायचं आहे ते मंदावणं.

वही घाला, आणि आपल्या धंद्याच्या सगळ्यात पुढचं चाक शोधा

साधी दोनशेपानी वही चालेल. मोबाईलवर लिहिलंत तरी हरकत नाही, पण माझा अनुभव असा की मोबाईलमधलं नंतर कोणी उघडून बघत नाही.

काय लिहायचं ते धंद्यावर ठरतं. फौंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून पार्ट ओतणाऱ्या कारखान्याचं सांगतो, कारण ते मी जवळून बघितलं आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथली कास्टिंगं आणि मशीनिंग बऱ्याच अंशी गाड्या, ट्रॅक्टर, पंप आणि हायड्रॉलिक्सच्या कंपन्यांवर चालतात. मोठी कंपनी पुढच्या महिन्याचं शेड्यूल पाठवते: अमुक पार्ट, इतके नग. काम उतरायला लागलं की सगळ्यात आधी हे शेड्यूल कापलं जातं. कधी आकडा तोच ठेवून "अर्धे पुढच्या महिन्यात उचलू" असा फोन येतो. तेही कापणंच समजायचं. त्यानंतर ओटी, म्हणजे जादा वेळेचं काम, बंद होते. मग तिसरी शिफ्ट जाते आणि फर्नेस रात्री थंड राहतो. मग कंत्राटी माणसांना "सोमवारपासून नको" असा निरोप जातो. कायम कामगाराची नोकरी जाते ती अगदी शेवटी, आणि ती पेपरात येते तेव्हा शेड्यूल उतरायला लागून सहा-आठ महिने झालेले असतात.

ही क्रमवारी लक्षात ठेवा, कारण देशाचे आकडेही याच क्रमाने हलतात. ऑर्डरी आधी, उत्पादन नंतर, रोजगार सगळ्यात मागून. बेरोजगारीचा आकडा बघून मंदी ओळखायला जाणं म्हणजे गाडी फलाट सोडून गेल्यावर तिकीट काढणं. गाडी सुटायच्या आधीची खूण कामगार चहाच्या टपरीवर सांगून जातो: "काम हाय खरं, ओटी बंद केल्यात." या वाक्यातला दुसरा भाग महत्त्वाचा.

दुसरा रकाना पेमेंटच्या दिवसांचा. बिल दिल्यापासून पैसे खात्यात यायला किती दिवस लागले? पन्नासाचे सत्तर झाले आणि सत्तराचे नव्वद, तर तुमच्या गिऱ्हाइकाचाही कोणीतरी पैसा अडकवून बसला आहे. यात एक मेख आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चअखेरीला तुंबलेली पेमेंटं एकदम सुटतात. मार्चचा आकडा बघून बाजार सुधारला असं समजू नका.

दुकानदाराने बिलांची संख्या लिहावी, विक्रीची रक्कम नव्हे. भाव वाढले की रक्कम आपोआप फुगते. शिवाय गिऱ्हाईक मोठ्या पुड्यावरून लहान पुड्यावर कधी आलं हे लिहावं. वहीत याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

सोनं तारण हा आमच्या भागातला आणखी एक आरसा, पण वाकडा. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं, तेव्हा त्याच पाटल्यांवर जास्त कर्ज मिळू लागलं. म्हणून सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाला रक्कम विचारू नका, किती जण आले ते विचारा. त्यातही जूनमध्ये बियाण्या-खतासाठी सोनं ठेवणारे दर वर्षीचेच. ऊसबिल आल्यावरही जे सोडवायला येत नाहीत, ते मोजा.

खोटे इशारे गाळून टाका

नवखा माणूस इथेच फसतो. मीही फसलो होतो.

२०१९ ची गोष्ट. माझ्या एका मित्राचं छोटं मशीन शॉप होतं, गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क करायचा. नवीन व्हीएमसी (धातू कापणाऱ्या संगणकी) मशीनसाठी कर्ज मंजूर होऊन पडलं होतं. ऑगस्टमध्ये पूर आला. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, तिकडे पंचगंगेचं शिरोलीजवळ. कोल्हापूरकडची वाहतूक दिवसचे दिवस बंद. मित्राचं काम निम्म्यावर आलं. तो विचारायला आला तेव्हा मी ठामपणे म्हणालो, "पुराचं हाय हे. पाणी ओसरलं की माल उचलतील. सही करून टाक." त्याने केली.

पाणी ओसरलं, शेड्यूल परत आलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये देशभरात प्रवासी गाड्यांची कंपन्यांकडून डीलरांना होणारी विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घटली होती. १९९७-९८ पासून नोंद ठेवली जाते, त्यातली तोवरची सगळ्यात मोठी घट. २०१८ च्या सप्टेंबरपासून बिगरबँक वित्त कंपन्या अडचणीत येऊन गाड्यांना मिळणारं कर्ज आटलं होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे कमी प्रदूषणाची, इंजिनं सक्तीची होणार होती, त्यामुळे जुन्या गाड्यांचा साठा कोणाला नको होता. पुढे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आला ते वेगळंच. मित्राने दीड वर्ष पडेल भावात कामं घेऊन हप्ते भरले. माझ्याशी बोलणं त्याने तोडलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

नंतर त्याचीच बिलं काढून बसलो तर उत्तर समोर होतं. त्याचं शेड्यूल एप्रिलपासून दर महिन्याला उतरत होतं. पूर आला ऑगस्टमध्ये. एप्रिलच्या घटीला ऑगस्टचा पूर कारण कसा होईल?

तेव्हापासून प्रत्येक घसरणीला मी तेच प्रश्न विचारतो. ज्याला कारण म्हणतो आहोत, त्याच्या आधीच ती सुरू झाली होती का? जिथे पूर नाही, संप नाही, रस्ता बंद नाही, त्या पुण्या-चाकणकडे किंवा होसूरकडेही तेच चाललं आहे का? आणि कारण दूर झाल्यावर दोन महिन्यांत काम परतलं का?

सणांचा घोळ दर वर्षीचा. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात दिवाळीची जवळपास सगळी खरेदी होती, पण भाऊबीज-पाडव्याची नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी सगळंच ऑक्टोबरात. अशा वेळी दोन्ही महिन्यांची बेरीज करूनच मागच्या वर्षाशी ताडून बघा. उसाचंही तसंच. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याचा नियम असला तरी प्रत्यक्षात हातात पैसा कधी येतो हे चिकोडी-अथणीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ऊसबिल लांबलं की निपाणी-संकेश्वरची मोटारसायकलची दुकानं ओस पडतात. ही मंदी नाही, थकबाकी आहे. तुमचा माल त्या गिऱ्हाइकावर चालत असेल तर खिशाला बसणारा चटका मात्र तोच.

सरकारी योजनांनी काही जुन्या खुणा निकामी केल्या आहेत. एसटी स्टँडवरची गर्दी बघून बाजाराचा अंदाज बांधायची आमच्या वडिलांची पद्धत होती. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांचा प्रवास मोफत झाला. आता बस भरून वाहते यावरून काहीही कळत नाही. गृहलक्ष्मीचे महिन्याचे दोन हजार खात्यावर पडले की आठवडाभर बाजारात हालचाल दिसते. हप्ता लांबला की तीच हालचाल पुढच्या महिन्यात. सीमेपलीकडे लाडक्या बहिणीचं तेच.

आणि एक प्रकार सगळ्यात फसवा: जे जातं ते परत येतच नाही. शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतून पूर्वी रात्री उशिरापर्यंत मागांचा आवाज यायचा. तो कमी झाला याचं कारण मंदी नव्हे. सुरतेची स्वस्त साडी आली, पोरं मागावर बसेनात. निपाणीच्या विडीचंही तसंच, ओढणारेच कमी होत चाललेत. चक्राने येणारी मंदी जाते आणि काम परत येतं. धंद्याचा पायाच सरकला असेल तर वाट बघत बसू नका.

घरगुती पीएमआय काढा

आता देशाचे आकडे. त्यातला सगळ्यात लवकर येणारा आणि सगळ्यात कमी समजलेला आकडा म्हणजे पीएमआय, खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक. कारखानदारीचा दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतो, सेवाक्षेत्राचा दोन दिवसांनी. साधारण ४०० कारखान्यांना विचारतात: ऑर्डरी मागच्या महिन्यापेक्षा वाढल्या, तेवढ्याच राहिल्या, की घटल्या? उत्पादन, रोजगार, साठा यांबद्दलही असेच प्रश्न. ५० च्या वर आकडा म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट.

तो कसा निघतो हे स्वतः करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आम्ही करतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उद्यमबागेतल्या एका टपरीवर दहा जण चहा घेतो. फौंड्रीवाले, टर्निंगवाला, एक हायड्रॉलिक सिलिंडर करणारा, पॅटर्न बनवणारा, एक टेम्पोवाला. प्रत्येकाने ऑर्डरीबद्दल एकच शब्द सांगायचा: जास्त, तेवढंच, कमी. 'जास्त' म्हणणाऱ्यांची टक्केवारी अधिक 'तेवढंच' म्हणणाऱ्यांची निम्मी टक्केवारी, झाला निर्देशांक. समजा चौघे 'जास्त', चौघे 'तेवढंच', दोघे 'कमी' म्हणाले, तर ४० अधिक २०, म्हणजे ६०. पुढच्या महिन्यात दोघे 'जास्त', चौघे 'तेवढंच', चौघे 'कमी' म्हणाले, तर २० अधिक २०, म्हणजे ४०.

हे केलं की पीएमआयची खरी ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. किती जणांचं काम कमी झालं हे तो सांगतो. किती कमी झालं ते सांगत नाही. दहापैकी नऊ जणांची एकेक ऑर्डर गेली तरी आकडा कोसळतो, आणि एकाच मोठ्या कारखान्याचं दिवाळं निघालं तरी फारसा हलत नाही. शिवाय राकसकोपचा नियम इथेही लागू: ५८ वरून ५२ म्हणजे काम वाढतंच आहे, फक्त पूर्वीइतक्या जणांचं नाही. एप्रिल २०२० मध्ये कारखानदारीचा पीएमआय २७.४ आणि सेवाक्षेत्राचा ५.४ आला होता, यावरून तळ म्हणजे काय ते कळावं. बातमीत 'नव्या ऑर्डरी' आणि 'निर्यातीच्या ऑर्डरी' हे उपआकडे शोधा. मुख्य आकड्यापेक्षा ते आधी वळतात. आमच्या टपरीवर टेम्पोवाल्याचा शब्द आधी वळतो, का ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्याला सगळ्यांच्या फेऱ्या दिसतात म्हणून.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा

महिन्याच्या १ तारखेच्या आसपास जीएसटीची वसुली, पीएमआय आणि कंपन्यांच्या गाड्यांच्या विक्रीचे आकडे येतात. नंतरच्या आठवड्यात डीलरांच्या संघटनेचे, म्हणजे फाडाचे. १२ तारखेला किरकोळ महागाई, १४ ला घाऊक, २० ला आठ मूलभूत उद्योग, २८ ला औद्योगिक उत्पादन निर्देशांक. जीडीपी तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वर्षातून सहा वेळा. सुट्टी आली की एखादा दिवस इकडेतिकडे. एवढं पाळलं तर रोज बातम्या बघायची गरज उरत नाही.

जीएसटीचा आकडा वाचताना तीन गाठी आहेत. एक, तो आदल्या महिन्याच्या व्यवहारांचा असतो. म्हणून एप्रिलचा आकडा नेहमी फुगलेला दिसतो, त्यात मार्चअखेरीची धावपळ असते. एप्रिल २०२५ मध्ये तो २.३७ लाख कोटींवर गेला होता आणि त्याची बातमी उत्सवासारखी झाली. दोन, त्यात महागाई मिसळलेली असते. वसुली ६ टक्के वाढली आणि भाव ४ टक्के वाढले, तर खरी वाढ दोनच्या आसपास. तीन, २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पेच बदलले, बराच माल ५ आणि १८ टक्क्यांवर आला. दर कमी केल्यावर वसुली मंदावली तर ती खप घटल्याची खूण असेलच असं नाही. आयातीवरचा जीएसटी बाजूला काढून देशांतर्गत व्यवहारांचाच भाग बघा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून जाणाऱ्या मालाच्या ई-वे बिलांची (माल नेताना काढायच्या ऑनलाइन कागदाची) संख्या मला वसुलीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पन्नास हजारांच्या वरच्या मालासाठी एप्रिल २०१८ पासून ते लागतं, आणि माल हलल्याशिवाय कोणी ते हौसेने काढत नाही.

गाड्यांच्या आकड्यांत कंपनीची विक्री आणि गिऱ्हाइकाची खरेदी यांत फरक करा. सियामचा, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांच्या संघटनेचा, आकडा म्हणजे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या. फाडाचा म्हणजे आरटीओत नोंद झालेल्या. पहिला वाढतो आहे आणि दुसरा नाही, तर गाड्या शोरूमच्या मागच्या आवारात उभ्या आहेत, आणि दोन-तीन महिन्यांत तुमचं शेड्यूल कापलं जाणार. फौंड्रीवाल्याला ही एकच तुलना वर्षभराचे पेपर वाचण्याइतकं देऊन जाते. गावाकडची नाडी बघायची तर दुचाकी आणि ट्रॅक्टर.

औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक उशिरा येतो आणि नंतर दुरुस्तही होतो. त्यातला भांडवली वस्तूंचा, म्हणजे यंत्रांचा भाग बघा. ज्याला पुढच्या कामाची खात्री आहे तोच यंत्र घेतो. बाकी आकडा सरसरी नजरेखालून घातला तरी चालेल.

विजेचा वापर पूर्वी चांगली खूण होती. आता एसी-कूलरमुळे ती हवामानाची खूण झाली आहे. देशाची मागणी ३० मे २०२४ ला २५० गिगावॉटपर्यंत गेली ती उष्म्याने. २०२५ चा उन्हाळा पावसाने ओला केला, मागणी उतरली, आणि त्याला लगेच मंदी म्हणणारे निघाले. तुमच्या वर्कशॉपचं हेस्कॉमचं वीजबिल मात्र अजून खरं बोलतं. रुपये नको, युनिट बघा.

महागाई कमी म्हणजे सगळं छान, ही समजूत शहराची. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, त्यात मोठा वाटा भाज्या आणि धान्याच्या पडलेल्या भावांचा. पुण्या-मुंबईच्या गृहिणीला ते बरं. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी पाठवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याच्या घरी त्याच आकड्याने चूल मंदावते. त्याचा भाव पडला की दोन महिन्यांनी गणपत गल्लीतलं कापड दुकान रिकामं दिसतं.

रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, उतरवला की "आता बाजार उठणार" असं सगळे म्हणतात. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर दर ६.५० वरून ५.१५ पर्यंत पाच वेळा उतरला, आणि त्या सगळ्या काळात वाढ खालीच जात होती. २०२५ मध्येही फेब्रुवारी ते जून तो ६.५० वरून ५.५० वर आणला गेला. डॉक्टर औषध देतो तेव्हा रोगी बरा झालेला नसतो. कर्ज घ्यायला दर बरा आहे का हा प्रश्न वेगळा, काम येणार का हा वेगळा.

रोजगारासाठी गावातल्या उद्योग खात्रीच्या, म्हणजे मनरेगा रोजगार हमीच्या, कामावर किती जण येतात ही चांगली खूण होती. लॉकडाऊननंतर शहरातून परतलेली माणसं २०२०-२१ मध्ये याच कामांवर दिसली. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला, तेव्हा जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडताना जपून. शेअर बाजाराबद्दल मी काही लिहीत नाही. तो मंदीच्या आधी पडतो खरा, पण मंदी नसतानाही पडतो.

टक्केवारीच्या मागचा आकडा मागा

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्के घटल्याचा पहिला अंदाज आला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढीची बातमी आली. आपण जवळजवळ होतो तिथे पोचलो, असं त्या दिवशी मला दोघांनी सांगितलं. कागदावर करून बघा. १०० रुपयांतले २३.९ गेले, उरले ७६.१. त्यावर २०.१ टक्के वाढ म्हणजे १५ रुपये आणि वर काही पैसे. झाले ९१. म्हणजे 'विक्रमी वाढी'नंतरही खिशात दोन वर्षांपूर्वीपेक्षा नऊ रुपये कमीच. त्यात तो २३.९ चा आकडाही नंतर बदलला. जीडीपी दोन महिने उशिरा येतो, मग दुरुस्त होतो, मग पुन्हा दुरुस्त होतो. तुम्ही जे वहीत आधीच बघितलं त्याची खात्री करण्यापुरता तो वापरा.

एकत्र जोडताना

एका महिन्यावर काही ठरवू नका. सलग तीन महिने तोच कल, आणि तोही किमान दोन वेगळ्या धंद्यांत, तरच मी वहीत लाल खूण करतो. फौंड्री उतरली, पण गोव्याची भाजी, ऊसबिलं आणि किराणा जागेवर आहेत, तर ते गाड्यांच्या धंद्याचं दुखणं. फौंड्रीचं शेड्यूल, किराण्याची बिलं, पिग्मी आणि पेमेंटचे दिवस सगळे एकदम बिघडले आणि देशाच्या नव्या ऑर्डरीही तीन महिने उतरत असल्या, तर पावसाला, पुराला, निवडणुकीला दोष देणं बंद करा.

लाल खूण झाली की काय? वर्कशॉपवाल्याने नवीन मशीनची सही तीन महिने पुढे ढकलावी आणि उधारी वसूल करायला आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. दुकानदाराने साठा कमी ठेवावा, दोन फेऱ्या जास्त पडल्या तरी चालेल. नोकरदाराने हप्ता ठरवताना ओटीचे पैसे धरूच नयेत. हे मंदी नसतानाही करावं, पण तेव्हा कोणी ऐकत नाही.

मागच्या शनिवारी आमच्या टपरीचा आकडा ५५ आला, आदल्या महिन्याच्या ५० वरून. शेड्यूल बरं आहे, टेम्पोवालाही 'जास्त' म्हणाला. पिग्मी मात्र उतरलेली. म्हणून सोमवारी संध्याकाळी दुकानासमोर पिग्मीवाल्याला थांबवून विचारलं. म्हणाला, "तसं काय नाही ओ. दोघा दुकानदारांच्यात आता सगळं यूपीआयवर येतंय, गल्ल्यात नोटाच नसतात, मला देणार कुठनं?" वहीत त्या रकान्यासमोर प्रश्नचिन्ह करून ठेवलं आहे. त्या दोघांना वगळून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणार आहे.